तीन मैलांची अट : इंग्लंडमधील विशेष मुले आणि न सापडणाऱ्या शाळेचा इतिहास

१/
१८७० साली ब्रिटिश संसदेने इंग्लंड आणि वेल्ससाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत केला. मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे करणारे पोटनियम बनवण्याचा अधिकार त्याने स्थानिक शिक्षण मंडळांना दिला. त्याच कायद्यात पालकांच्या बचावाची एक सबबही मान्य केली होती. जवळच्या रस्त्याने मोजून घरापासून फार तर तीन मैलांच्या आत मुलाला जाता येईल अशी शाळा नसेल, तर मूल घरी राहिल्याचा दोष पालकाचा नाही.

२/
तीन मैल म्हणजे पाच किलोमीटरहून थोडे कमी. या आकड्यामागे एक मोठे तत्त्व उभे होते. सक्ती करायची असेल, तर शाळा मुलाच्या पायांच्या टप्प्यात आणून ठेवणे हे राज्याचे काम ठरते. मात्र अंध, बहिऱ्या, अपंग किंवा मंदगतीने शिकणाऱ्या मुलासाठी 'त्याला शिकवू शकणारी शाळा किती अंतराच्या आत हवी' हे त्या कायद्याने सांगितले नाही. नंतरच्या कायद्यांनीही सांगितले नाही. हा धागा त्या न ठरलेल्या अंतराचा आहे.

३/
आधी १८७० पूर्वीचे चित्र. १७९१ साली लिव्हरपूलमध्ये अंधांसाठी शाळा निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एडवर्ड रश्टन हा कवी स्वतः दृष्टी गमावलेला होता. पुढच्याच वर्षी, १७९२ मध्ये, लंडनच्या बर्मंडसी भागात बहिऱ्या मुलांसाठी ब्रिटनमधील पहिली धर्मादाय शाळा सुरू झाली. आरंभी तिच्यात सहा मुले होती. त्याआधीची बहिऱ्यांची शिकवणी महागडी होती आणि श्रीमंत घरांपुरती मर्यादित होती. गरिबाच्या बहिऱ्या मुलाला शाळेचे दार पहिल्यांदा येथे उघडले.

४/
दार उघडले, पण आत जागा थोड्या आणि दाराशी मुले फार. मग निवड कशी करायची? मतदानाने! संस्थेला वर्गणी देणाऱ्यांना मताधिकार असे. ठरावीक काळाने उमेदवार मुलांची यादी निघे, वर्गणीदार मते देत आणि सर्वाधिक मते मिळवणारी मुले आत येत. आपल्या मुलासाठी पालकांना वर्गणीदारांच्या दारोदार मते मागत फिरावे लागे. ज्यांच्या ओळखी नसत, त्यांची मुले एका निवडणुकीतून दुसऱ्या निवडणुकीकडे ढकलली जात. प्रवेशाचे वय उलटून गेले की तीही आशा संपे.

५/
बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांसाठी १८४७ मध्ये लंडनच्या हायगेट भागात पहिला आश्रम निघाला. १८५५ मध्ये सरे परगण्यातील अर्ल्सवूड येथे त्याची भव्य इमारत उभी राहिली. ज्यांच्या नावावरून 'डाउन सिंड्रोम' ओळखला जातो, ते डॉ. जॉन लँग्डन डाउन १८५८ पासून दहा वर्षे तेथील अधीक्षक होते. येथेही धर्मादाय जागांसाठी मतदानच होई. संस्था देशाची असल्याने मुले देशभरातून येत. घर आणि शाळा यांच्यामध्ये कित्येक परगण्यांचे अंतर पडे आणि ते कोणाला विशेष खटकत नसे.

६/
खटकू लागले ते सक्तीनंतर. १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांच्या सर्व मुलांना हजेरी सक्तीची झाली. तोवर घरात, गल्लीत किंवा कारखान्यात असलेली मुले वर्गात येऊन बसली. त्यांच्यातल्या काहींना फळा दिसत नव्हता, काहींना शिक्षकाचा आवाज ऐकू येत नव्हता, काहींना वर्षे उलटली तरी पहिल्या पातळीची परीक्षा ओलांडता येत नव्हती. अशी मुले नव्याने निर्माण झाली नव्हती. सक्तीमुळे ती सरकारी नोंदवहीत पहिल्यांदा दिसू लागली, इतकेच.

७/
नेमक्या त्याच काळात शाळांचे अनुदान निकालावर अवलंबून होते. १८६२ च्या नियमावलीनुसार सरकारी तपासनीस शाळेत येई, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित यांत परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेची रक्कम ठरे. हळू शिकणारे मूल म्हणजे शाळेच्या तिजोरीला तोटा. त्याला वर्गात ठेवण्यात शिक्षकाचे नुकसान आणि बाहेर काढण्यात फायदा, असा हा हिशेब होता. ही पद्धत शतक संपेपर्यंत मोडीत निघाली. हिशेबाची ती वृत्ती मात्र पुढेही डोके वर काढत राहिली.

८/
तरीही जवळचा मार्ग कोणाला सुचलाच नाही असे नाही. १८७४ मध्ये लंडन शिक्षण मंडळाने एका साध्या प्राथमिक शाळेतच बहिऱ्या मुलांचा वर्ग सुरू केला. मूल सकाळी घरून यावे, खास शिक्षकाकडून शिकावे, संध्याकाळी आईवडिलांकडे परतावे, अशी ती रचना होती. आज ज्याला 'सर्वसाधारण शाळेतील विशेष कक्ष' म्हणतात, त्याचे बीज दीडशे वर्षांपूर्वीच रुजले होते. उपाय ठाऊक होता, हे या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

९/
१८९२ मध्ये लेस्टरच्या मंडळाने मंदगतीने शिकणाऱ्या मुलांचा विशेष वर्ग काढला आणि त्याच वर्षी लंडनने पहिली विशेष शाळा उघडली. १८९६ पर्यंत लंडनमध्ये अशा २४ शाळा झाल्या आणि त्यांत सुमारे ९०० मुले शिकू लागली. म्हणजे सरासरी चाळीसएक मुलांची शाळा, तीही वस्तीत. एवढ्या दाट वस्तीच्या शहरात हे शक्य होते. खेड्यापाड्यांत, खाणकामगारांच्या वसाहतींत किंवा लहान बाजारगावांत यातले काहीच नव्हते.

१०/
यामागची अडचण खरी होती. मध्यम आकाराच्या गावात अंध किंवा बहिरी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातही एक पाच वर्षांचे, एक बारा वर्षांचे. त्यांच्यासाठी प्रशिक्षित शिक्षक नेमायचा तर दरडोई खर्च डोळे पांढरे करणारा. मग सर्वात स्वस्त तोडगा निघे : दहा गावांची मुले एका ठिकाणी गोळा करायची. शाळेचा खर्च वाचे आणि अंतराचा भार कुटुंबावर पडे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हाच व्यवहार वेगवेगळ्या रूपांत दिसतो.

११/
१८९३ च्या कायद्याने अंध आणि बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शिक्षण मंडळांवर टाकली. अंधांना ५ ते १६ आणि बहिऱ्यांना ७ ते १६ या वयात शिक्षण सक्तीचे झाले. पण त्यात एक मुभा होती. मंडळाने स्वतःची शाळा काढावी किंवा दुसऱ्याच्या शाळेत मुलाची सोय करावी. बहुसंख्य मंडळांनी दुसरा पर्याय धरला. परिणामी सात वर्षांचे बहिरे मूल घरापासून दूरच्या वसतिशाळेत जाऊ लागले आणि सुट्टीपुरते घरी येऊ लागले.

१२/
या वसतिशाळांचा एक अनपेक्षित परिणाम झाला, तो डोळ्यांआड करून चालत नाही. वर्गात बहुधा बोलण्यावर भर असे आणि हातवाऱ्यांना मज्जाव. पण वसतिगृहात, रात्री दिवे मालवण्याआधी, मोठी मुले लहानांना संकेतभाषा शिकवत. ब्रिटिश संकेतभाषा आणि तिच्याभोवतीचा बधिर समाज अशाच ठिकाणी जगला, वाढला. म्हणून पुढे 'मूल घराजवळच्या शाळेत' ही मागणी आली, तेव्हा बधिर समाजातील अनेकांनी विचारले : घराजवळच्या शाळेत ते एकटेच असेल, तर बोलणार कोणाशी?

१३/
१८९९ मध्ये 'सदोष आणि अपस्मारी मुलांचा' कायदा आला. शीर्षकातले शब्द त्या काळाचे. याने मंडळांना विशेष वर्ग आणि शाळा काढण्याचा अधिकार दिला, कर्तव्य मात्र लादले नाही. चालता न येणाऱ्या किंवा एकट्याने जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी वाटाड्या किंवा वाहन पुरवण्याची मुभाही त्यात होती. विशेष मुलाचा शाळाप्रवास कायद्यात आला तो असा. दहा वर्षांनी हिशेब मांडला गेला, तेव्हा ३२७ स्थानिक प्राधिकरणांपैकी अवघ्या १३३ जणांनी हा अधिकार वापरला होता.

१४/
म्हणजे मुलाला शाळा मिळणार की नाही, हे त्याच्या गरजेवर नव्हे तर त्याच्या पत्त्यावर ठरत होते. १८९९ मध्येच लंडनच्या ब्लूम्सबरी भागात कादंबरीकार मेरी वॉर्ड यांच्या पुढाकाराने शारीरिक अपंग मुलांसाठी दिवसाची शाळा सुरू झाली. मुलांना घरून गाडीतून आणले जाई, दुपारचे जेवण आणि परिचारिका शाळेतच असे. त्या परिसरातल्या मुलाला हे लाभले. तेच मूल एखाद्या दूरच्या परगण्यात जन्मले असते, तर खिडकीशी बसून राहिले असते.

१५/
१९१३ च्या मानसिक अक्षमतेच्या कायद्याने प्राधिकरणांना एक काम सक्तीचे केले : ७ ते १६ वयाच्या मुलांत 'सदोष' कोण हे शोधणे, आणि त्यांतले 'शिकवण्यापलीकडचे' कोण हे ठरवून त्यांना शिक्षणखात्याच्या बाहेर पाठवणे. १९१४ च्या कायद्याने उरलेल्यांना शिकवणे कर्तव्य ठरले. विशेष शाळांसाठी सुचवलेल्या मुलांची तपासणी करायला लंडन परगणा परिषदेने १९१३ मध्ये सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाची नेमणूक केली. मुलाला मोजण्याचे शास्त्र झपाट्याने वाढले. वर्गखोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत.

१६/
१९२९ मध्ये वुड समितीने अंदाज दिला की इंग्लंड-वेल्समध्ये कायद्याच्या व्याख्येत बसणारी सुमारे १,०५,००० मुले आहेत. विशेष शाळांतील जागा या संख्येच्या आसपासही नव्हत्या. अशा वेळी टंचाई एक निराळेच काम करते : ती व्याख्याच वाकवते. जागा नसेल तर वैद्यकीय अधिकारी प्रमाणपत्र द्यायला कचरतो, कारण प्रमाणपत्र दिले की जागा द्यावी लागते. शोधलेच नाही तर कमतरताही दिसत नाही. कागदावर सारे ठीक आणि मूल वर्गाच्या मागच्या बाकावर.

१७/
दुसरे महायुद्ध संपत आले असताना १९४४ चा शिक्षण कायदा झाला. प्रत्येकाला वय, क्षमता आणि कल यांनुसार शिक्षण हे त्याचे ब्रीद. लगेच आलेल्या नियमांनी विशेष मुलांचे ११ प्रकार पाडले : अंध, अंशतः दृष्टी असलेले, बहिरे, अंशतः बहिरे, नाजूक प्रकृतीचे, मधुमेही, शैक्षणिकदृष्ट्या मागे पडलेले, अपस्मारी, वर्तनसमस्या असलेले, शारीरिक अपंग आणि वाचादोष असलेले. याच कायद्यात चालण्याचे अंतरही ठरले : आठ वर्षांखालील मुलाला दोन मैल, त्यापुढे तीन. १८७० चा आकडा टिकून राहिला.

१८/
युद्धोत्तर ब्रिटनमध्ये सिमेंट, पोलाद आणि मजूर या साऱ्यांचीच वानवा होती. जी सामग्री मिळे ती बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या वस्त्या आणि वाढत्या जन्मसंख्येसाठी लागणाऱ्या साध्या शाळांकडे वळे. विशेष शाळांसाठी मग एक सोयीचा मार्ग सापडला. जुन्या जमीनदारांचे ग्रामीण वाडे त्या काळात विक्रीला निघत होते. ते घेऊन त्यांत निवासी विशेष शाळा थाटल्या गेल्या. विस्तीर्ण हिरवळ, उंच छत, ताजी हवा, आणि सर्वात जवळचे रेल्वे स्थानकही लांब. जागा वाढल्या, पण घरापासून दूर.

१९/
आकडे पाहावेत. 'शैक्षणिकदृष्ट्या मागे पडलेल्या' मुलांची विशेष शाळांतील संख्या १९४७ मध्ये सुमारे १२,००० होती, ती १९५५ पर्यंत साडेबावीस हजारांच्या वर गेली. आठ वर्षांत जवळपास दुप्पट! तरीही जागेची वाट पाहणारी मुले १२,००० च्या खाली आली नाहीत. नव्या शाळेची बातमी आली की आजवर न सुचवलेली मुले शिक्षक सुचवू लागत. यादी आटत नव्हती, कारण खरी गरज यादीहून मोठी होती.

२०/
याच काळात एक लहानसा, शांत प्रयोग झाला. १९४७ मध्ये लंडनमध्ये अंशतः ऐकू येणाऱ्या मुलांसाठी साध्या शाळांतच खास कक्ष उघडले गेले. नव्या श्रवणयंत्रांनी ते शक्य केले. १८७४ च्या त्या जुन्या वर्गाची ही पुढची पिढी. असे कक्ष पुढे इतरत्रही निघाले. पण कक्ष चालायला हवा तर त्या शाळेत एक खोली मोकळी हवी, एक प्रशिक्षित शिक्षक हवा आणि मुख्याध्यापकाची तयारी हवी. तिन्ही एकत्र येणे दुर्मीळ होते.

२१/
आणि एक गट तर यादीतही नव्हता. १९४४ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमान्वये 'शाळेत शिक्षण घेण्यास असमर्थ' ठरलेले मूल आरोग्य खात्याकडे सोपवले जाई. पालकांच्या हाती पडे ते एक सरकारी पत्र. १९४६ मध्ये ज्यूडी फ्रिड या आईने बालसंगोपनावरच्या एका मासिकात पत्र लिहून अशा पालकांना एकत्र येण्याचे आवाहन केले. देशभरातून उत्तरे आली. त्यातून उभी राहिलेली पालकांची संघटना आज 'मेनकॅप' या नावाने ओळखली जाते.

२२/
या पालकांच्या लढ्याला चोवीस वर्षांनी फळ आले. १९७० च्या कायद्याने 'शिकवण्यापलीकडचे मूल' ही कायदेशीर कोटी रद्द झाली आणि एप्रिल १९७१ पासून प्रत्येक मूल शिक्षणखात्याच्या कक्षेत आले. प्रशिक्षण केंद्रांतील सुमारे २४,००० आणि रुग्णालयांतील सुमारे ८,००० मुले रातोरात विद्यार्थी झाली. जवळपास ४०० नव्या विशेष शाळा अस्तित्वात आल्या. त्यांतल्या कित्येक कालपर्यंत प्रशिक्षण केंद्रे होती. इमारत तीच, कर्मचारी तेच, दारावरची पाटी नवी. तरी त्या पाटीचे मोल त्या पालकांना ठाऊक होते.

२३/
जागांची टंचाई मोजताना दुसरी बाजूही पाहावी लागते. १९७१ मध्ये ग्रेनाडातून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी एका पुस्तिकेत दाखवून दिले की लंडनच्या 'मागे पडलेल्यां'च्या शाळांत वेस्ट इंडियन कुटुंबांतील मुलांचे प्रमाण अवाजवी आहे. भाषेतला फरक, नवा देश आणि शिक्षकांचे पूर्वग्रह यांमुळे धडधाकट बुद्धीची मुले तेथे ढकलली जात होती. एकीकडे हजारो मुले विशेष शाळेच्या जागेसाठी तिष्ठत होती, तर दुसरीकडे ज्यांना तिची गरज नव्हती अशांना तिथे बसवले जात होते.

२४/
१९७३ मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली. समितीचा अहवाल १९७८ मध्ये आला. मुलांचे प्रकार पाडणे थांबवा, त्यांच्या गरजा पाहा, असे त्याने सांगितले. 'विशेष शैक्षणिक गरजा' हा शब्दप्रयोग येथून रूढ झाला. पाचपैकी एका मुलाला शालेय आयुष्यात केव्हा ना केव्हा विशेष साहाय्य लागेल असा समितीचा अंदाज होता. त्यावेळी विशेष शाळांत होती ती जेमतेम दोन टक्के मुले. बाकीची साध्या वर्गांतच होती, बहुतेक मदतीविना.

२५/
दरम्यान १९७६ च्या शिक्षण कायद्यात एक कलम आले होते : शक्य तेथे अपंग मुलांना साध्या शाळेतच शिकवावे. ते कधी अंमलातच आणले गेले नाही. १९८१ च्या कायद्याने तत्त्व स्वीकारले, पण तीन अटींसह. मुलाची गरज भागली पाहिजे, इतर मुलांच्या शिक्षणात बाधा येता कामा नये आणि साधनांचा कार्यक्षम वापर झाला पाहिजे. मुलाच्या गरजा नोंदवणारे कायदेशीर निवेदनपत्र पालकांच्या हाती आले. त्यासाठी वेगळा निधी मात्र आला नाही.

२६/
१९९४ मध्ये पालकांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण सुरू झाले. स्थानिक परिषदेचा निर्णय न पटल्यास तेथे दाद मागता येऊ लागली. त्याच काळात समावेशनाच्या नावाने अनेक विशेष शाळा बंद झाल्या. त्यांतून वाचलेला पैसा आणि शिक्षक साध्या शाळांत त्याच प्रमाणात पोहोचले नाहीत. २००५ मध्ये खुद्द वॉर्नॉक यांनी पुस्तिका लिहून आपल्याच अहवालातून निघालेल्या वाटचालीवर कठोर टीका केली आणि लहान विशेष शाळांचे समर्थन केले. अहवालाची जननीच फेरविचार मागते, असे प्रसंग धोरणांच्या इतिहासात विरळा.

२७/
२०११ नंतर एक नवा पेच पडला. नवी शाळा काढायची तर ती सामान्यतः परिषदेच्या नियंत्रणाबाहेरची, थेट केंद्र सरकारच्या निधीवर चालणारी असावी, असे धोरण कायद्यात आले. मुलाला जागा देण्याचे कर्तव्य परिषदेचे, पण शाळा उघडण्याचा निर्णय एकटीच्या हातात राहिला नाही. विशेष शाळेसाठी प्रस्ताव पाठवायचा, मंजुरीची वाट पाहायची, संचालक संस्था शोधायची, मग बांधकाम. पाच वर्षांचे मूल या काळात प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडू शकते.

२८/
२०१४ च्या कायद्याने निवेदनपत्राच्या जागी शिक्षण, आरोग्य आणि संगोपन यांची एकत्र योजना आणली आणि वयोमर्यादा २५ पर्यंत नेली. जानेवारी २०१५ मध्ये अशी निवेदनपत्रे आणि योजना मिळून सुमारे २,४०,००० होती. जानेवारी २०२५ मध्ये योजनांची संख्या ६,३८,००० च्या वर गेली. तेव्हा शाळेतील ५.३ टक्के मुलांकडे योजना होती आणि आणखी १४.२ टक्के मुलांना योजनेविना साहाय्य मिळत होते. बेरीज १९.५ टक्के. वॉर्नॉक यांची 'पाचात एक' ही गणना सत्तेचाळीस वर्षांनी जवळजवळ तंतोतंत उतरली.

२९/
वाढीमागे कारणे अनेक. स्वमग्नतेची ओळख आधीपेक्षा चांगली झाली, वाचा आणि मानसिक आरोग्याच्या अडचणी नोंदल्या जाऊ लागल्या, वयोमर्यादा वाढली. पण एक कारण पैशाच्या रचनेत आहे. २०१३ पासून विशेष साहाय्याचे पहिले ६,००० पौंड साध्या शाळेने स्वतःच्या अंदाजपत्रकातून द्यायचे असतात. अशी मुले आनंदाने घेणारी शाळा आर्थिक ओढाताणीत सापडते, त्यांना टाळणारी निर्धास्त राहते. १८६२ च्या निकालावरच्या अनुदानाची आठवण व्हावी, असेच हे गणित आहे. साध्या शाळेत मदत आटली, की पालक कायदेशीर योजनेकडे वळतात.

३०/
योजना वीस आठवड्यांत देणे बंधनकारक आहे. २०२४ मध्ये निम्म्याहून कमी योजना त्या मुदतीत मिळाल्या. योजना मिळाली तरी शाळा कुठे? २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश विशेष शाळा भरलेल्या किंवा क्षमतेहून अधिक पटाच्या होत्या. मग परिषद खासगी विशेष शाळेकडे जाते. तेथील सरासरी खर्च सरकारी विशेष शाळेच्या सुमारे अडीच पट. न्यायाधिकरणात गेलेल्या प्रकरणांत निकाल बहुतांशी पालकांच्या बाजूने लागतो. पण निकालाने जागा बांधली जात नाही. ती दूर कुठे तरी शोधावी लागते.

३१/
दूरची जागा म्हणजे दररोजचा प्रवास. १८९९ चे 'वाटाड्या किंवा वाहन' आज टॅक्सीच्या रूपात आले आहे. विशेष मुलांना शाळेत ने-आण करण्यावर इंग्लंडच्या परिषदा वर्षाला शंभर कोटी पौंडांहून अधिक खर्च करतात. विशेष शिक्षणावरची तूट इतकी वाढली, की ती परिषदेच्या मुख्य हिशेबाबाहेर ठेवण्याची तात्पुरती सवलत २०२० पासून द्यावी लागली आणि ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. शाळा जवळ न बांधल्याने वाचलेला पैसा रस्त्यावर खर्च होतो आहे.

३२/
१७९२ मध्ये सहा मुलांनिशी सुरू झालेली ती लंडनची बहिऱ्यांची शाळा पुढे केंट किनाऱ्यावरील मार्गेट येथे गेली. दोन शतके उलटून गेल्यावर, डिसेंबर २०१५ मध्ये, ती चालवणारा न्यास आर्थिक अडचणीत सापडला आणि शाळा एकाएकी बंद झाली. नाताळच्या तोंडावर तिच्या विद्यार्थ्यांसाठी नव्या जागा शोधाव्या लागल्या. इतक्या खास गरजांची मुले ज्या एका इमारतीत एकवटली होती, ती मिटल्यावर जवळपास पर्यायच उरला नव्हता. दहा गावांची सोय एकाच ठिकाणी केली, की त्या एका ठिकाणाच्या पडझडीत दहाही गावे उघडी पडतात.

३३/
यात मुलाचे काय जाते? सकाळी लवकर गाडीत बसणारे मूल शाळा सुटल्यावर शेजारच्या मुलांबरोबर खेळायला परतत नाही. गल्लीतल्या मुलांना त्याचे नाव ठाऊक नसते. त्याचा वर्गमित्र तीस मैल दुसऱ्या दिशेला राहतो. आईला शाळेच्या फाटकाशी इतर आया भेटत नाहीत. मोठेपणी ज्या गावात राहायचे, काम शोधायचे, त्या गावात ते अनोळखी असते. विशेष शिक्षकाकडून मिळालेले ज्ञान खरे असते आणि त्यासाठी मोजलेले हे मोलही खरे असते.

३४/
१९९६ चा शिक्षण कायदा आजही लागू आहे. त्याच्या ४४४ व्या कलमात चालण्याचे अंतर तसेच नोंदलेले आहे : आठ वर्षांखालील मुलास दोन मैल, त्यापुढील मुलास तीन मैल. विशेष मुलांना अंतर कितीही असो, गरज असल्यास मोफत वाहन मिळते. त्यांच्यासाठी योग्य शाळा किती मैलांच्या आत असलीच पाहिजे, हे सांगणारे कलम मात्र इंग्लंडच्या कायद्यात १८७० पासून आजवर लिहिले गेलेले नाही.

(समाप्त)